जुन्या संगणकाचा एसएमपीएस बदलताना

दहा-बारा वर्षे बिनतक्रार चाललेला संगणक एका सकाळी बटण दाबूनही चालू होत नाही. कधी पंखा क्षणभर फिरून थांबतो, तर कधी काम सुरू असतानाच सगळे बंद पडते. अशा वेळी बिघाड अनेकदा एसएमपीएसमध्ये असतो. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचे संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करणारा हा पत्र्याचा डबा. तो बदलला की संगणक पुन्हा चालू लागतो. मात्र निकृष्ट किंवा न जुळणारा बसवला, तर मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही निकामी होऊ शकते. हार्ड डिस्क नवी आणता येते. तिच्यातले फोटो आणि हिशेब आणता येत नाहीत.

एसएमपीएस थकतो तो मुख्यतः त्यातल्या कपॅसिटरमुळे. त्यांच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. धूळ साचून पंखा मंदावला की हे आणखी लवकर घडते. मग व्होल्टेज स्थिर राहत नाही. खरेदीपूर्वी पॉवर कॉर्ड आणि प्लग तपासावा आणि जाणकाराकडून मल्टिमीटरने मोजणी करून घ्यावी. पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५ आणि केशरी तारेवर ३.३ व्होल्ट मिळायला हवेत. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट.

दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती वॅटचा देऊ?’ पण खोक्यावरचा मोठा आकडा फसवा असू शकतो. पाहायचे ते डब्याच्या स्टिकरवरच्या तक्त्यात. समजा, खोक्यावर ४५० वॅट लिहिले आहे आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. त्यामुळे त्या तारेवर प्रत्यक्षात मिळणार १९२ वॅटच. पेंटियम ४ पासून प्रोसेसरला मुख्यतः १२ व्होल्टमधूनच वीज मिळते, म्हणून हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्याआधीच्या अनेक संगणकांचा भार मात्र ५ आणि ३.३ व्होल्टवर असे. तिथे ते आकडे पाहावेत.

गरजही वाटते तेवढी नसते. कोअर टू डुओ मालिकेतल्या अनेक प्रोसेसरची मर्यादा ६५ वॅट आहे. हार्ड डिस्क, रॅम, पंखे धरूनही वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला असा संगणक साधारणतः दीडशे वॅटच्या आत भागतो. त्यासाठी नावापुरत्या ५०० वॅटपेक्षा खात्रीचा ३०० वॅटचा एसएमपीएस बरा. ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याची गरज वेगळी मिळवावी. ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, वॉरंटी किती, हेही विचारावे. ‘८० प्लस’ ही खूण वीज कमी वाया जाते एवढे सांगते. बाकी दर्जाची ती हमी नव्हे.

मग येतात जोडण्या. जुन्या मदरबोर्डवर २० पिनांचा सॉकेट असतो, नव्या एसएमपीएसला २४ पिनांचा कनेक्टर. त्यातल्या ४ पिना वेगळ्या होतात का, ते पाहावे. प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा कनेक्टर आणि जुन्या हार्ड डिस्कचा मोलेक्स कनेक्टरही मोजून घ्यावेत. काही ब्रँडेड संगणकांत डब्याचा आकार किंवा तारांची मांडणी वेगळी असते. कनेक्टर नीट बसला, तरी तारांचा क्रम जुळेलच असे नाही. म्हणून जुना डबा किंवा त्याच्या स्टिकरचा फोटो सोबत न्यावा.

घरी यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल, तर आणखी एक प्रश्न विचारावा. स्क्वेअर वेव्ह देणाऱ्या साध्या यूपीएसवर ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ असलेले काही एसएमपीएस वीज जाताच बंद पडतात.

जुना डबा घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले असू शकतात. तो भंगारात न देता ई-कचरा संकलनाकडे द्यावा. आणि नव्या एसएमपीएसवर संगणक सुरू झाला की आधी हार्ड डिस्कवरच्या महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. बाकीचे सुटे भागही त्याच वयाचे आहेत.