कूपनाची सूट आणि रोखीचा वटाव

आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्याचे बाजारपेठेचे गाव. भोवतालच्या खेड्यांची खरेदी या पेठेत होते आणि पेठेची उलाढाल हळद, सोयाबीनच्या हंगामावर ठरते. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की उधारीची खाती मिटतात आणि नवा किराणा भरला जातो. अशा पेठेतील व्यापारी कुटुंबाचे सवलतीशी दुहेरी नाते असते. गल्ल्यावर बसलेला कर्ता ग्राहकाला सूट देतो, आणि त्याच्याच घरात मोबाइलवर आलेले कूपन लावून साबण, चहा, सुका मेवा मागवला जातो. देणे आणि घेणे दोन्ही एकाच घरात चालते; मात्र दोहोंचा ताळा सहसा कोणी घालत नाही.

कूपन ही आजची युक्ती नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कोका-कोलाने एक पेला मोफत देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. त्यामागे औदार्य नव्हते. चव लावणे आणि सवय जडवणे हा हेतू होता. पुढे चिठ्ठीची जागा वेष्टनावरील योजनेने घेतली आणि आता मोबाइलवरील सांकेतिक अक्षरांनी. तत्त्व तेच राहिले. जो खटपट करील त्याला कमी भाव, जो करणार नाही त्याला पूर्ण भाव. आणि दोघांकडूनही शक्य तितकी अधिक विक्री.

या सवयीचे बळ किती असते, हे जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीने अनुभवले. २०१२ मध्ये तिने कूपने बंद करून वर्षभर एकच वाजवी भाव ठेवण्याचे ठरवले. वर्षभरात तिची विक्री सुमारे एक चतुर्थांशाने घटली आणि २०१३ मध्ये प्रमुखाला पद सोडावे लागले. ग्राहकाला केवळ कमी भाव नको असतो, सूट मिळाल्याचे समाधानही हवे असते. हे समाधान विकत घेताना घरखर्च वाढतो की घटतो, हे मात्र आकडेमोडीनेच कळते.

समजा, महिन्याची गरज ७६० रुपयांची आहे आणि ९९९ रुपयांच्या खरेदीवर १०० रुपयांचे कूपन आहे. यादीबाहेरच्या वस्तू घेऊन रक्कम पूर्ण केली, तर ८९९ रुपये द्यावे लागतात. कागदावर १०० रुपये वाचले. खिशातून १३९ रुपये अधिक गेले. ‘तीनवर एक मोफत’ म्हणजे २५ टक्के सूट, तीही चारही नग वापरले गेले तरच. ‘२० टक्के अधिक माल’ म्हणजे २० टक्के सूट नव्हे, पावणेसतरा टक्क्यांहूनही किंचित कमी. ‘५० टक्के आणि त्यावर २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के.

पॅकबंद वस्तूंच्या नियमांतील दुरुस्तीमुळे २०२२ पासून पाकिटावर कमाल किरकोळ किमतीबरोबर प्रति ग्रॅम अथवा प्रति मिलिलिटर दरही छापला जाऊ लागला आहे. ४५ रुपयांची ९० ग्रॅमची नळी आणि १० रुपयांचे कूपन लावून १०० रुपयांना पडणारी २०० ग्रॅमची नळी, दोहोंचा दर ५० पैसे ग्रॅमच. कूपनापेक्षा ही बारीक छपाई अधिक खरे बोलते.

साठवणीचा प्रश्न वेगळाच. चातुर्मासात जीवोत्पत्ती टाळण्यासाठी पीठ आणि धान्य बेतानेच ठेवण्याची रीत जैन घरांत जुनी आहे. सवलतीच्या मोहाने सहा महिन्यांचा रवा भरला आणि त्याला जाळी लागली, तर सूटही गेली आणि रीतही मोडली.

खरी बचत कूपनाविनाही साधते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधले. घराघरांतून मागणीची यादी घ्यायची, एकत्रित खरेदी करायची आणि सभासदांनीच मालाचे वाटप करायचे, अशी ही पद्धत. यादी आधी आणि खरेदी नंतर, हेच तिचे मर्म. दुसरे उदाहरण राधाकिशन दमाणी यांच्या डीमार्टचे. २००२ मध्ये पवईत पहिले दुकान उघडलेल्या या साखळीने कूपनांऐवजी रोजच्याच कमी भावावर भर दिला. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून खरेदीतच भाव पाडून घेणे, हे त्या भावामागचे एक प्रमुख कारण.

व्यापारी कुटुंबाने लक्ष द्यावे ते इथेच. घाऊक व्यापारी तीस दिवसांच्या उधारीऐवजी दहा दिवसांत पैसे देणाऱ्यास दोन टक्के रोखीचा वटाव देत असेल, तर वीस दिवस आधी पैसे दिल्याबद्दल मिळणारे हे दोन टक्के सरळ हिशेबाने वर्षाला सुमारे ३६ टक्के होतात. इतके व्याज कोणतीही मुदत ठेव देत नाही. घरातली रोकड कूपनापायी अनावश्यक मालात अडकली, तर दुकान हा वटाव गमावू शकते. घरात वाचलेले शे-दोनशे दिसतात. पेढीवर गमावलेले हजार मात्र कोणत्याच पावतीवर छापलेले नसतात.

म्हणून क्रम असा असावा : आधी यादी, मग एकक दर, मग गावातील भावाशी तुलना आणि शेवटी कूपन. यादीतील वस्तूवर कूपन मिळाले तर ते अवश्य वापरावे. त्यात संकोच नको. दुकानात सूट द्यायची असेल तर ती बिलावर स्पष्ट लिहून द्यावी. विक्रीच्या वेळी बिलात दाखवलेली सूट जीएसटीच्या करपात्र मूल्यातून वजा होते, आणि ग्राहकालाही आपल्याला नेमके काय मिळाले ते कळते. महिनाअखेर घरची वही आणि दुकानाची वही शेजारी ठेवून कूपनाने काय आणले आणि उशिरा दिलेल्या देयकांनी काय नेले, हे दोन आकडे एकाखाली एक लिहावेत. वजाबाकी करायला फार शिक्षण लागत नाही.