दुसरा थेंब

ट्रेडमिल थांबला की तिच्या हाती जेमतेम अर्धं मिनिट असतं. धावपटूच्या कानाची पाळी पुसून कोरडी करायची, सुई टोचायची. पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा; त्यात घाम मिसळला असेल तर घामातलं लॅक्टेट आकडा फुगवतं. दुसरा थेंब लॅक्टेट मोजणाऱ्या पट्टीवर घ्यायचा. तेवढ्यात हृदयाचे ठोके लिहायचे आणि ‘किती जड जातंय?’ असं विचारून ६ ते २० आकड्यांच्या तक्त्यावर त्याचं बोट ठेवून घ्यायचं. मग पट्टा पुन्हा सुरू, वेग थोडा वाढवलेला. पुन्हा तीन मिनिटं.

क्रीडाविज्ञानाची पदवी घेतलेली ही मुलगी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कंत्राटावर काम करते. विश्रांतीत रक्तात लिटरमागे १ मिलिमोलच्या आसपास असणारं लॅक्टेट ४ च्या पुढे सरकलं, तेव्हा धावणारा मुलगा म्हणाला, ‘ताई, पाय भरले.’ आलेखाची रेषाही तिथेच वर वळली होती.

मला मात्र खरं काम त्यानंतर दिसलं. तिने आलेख बाजूला ठेवला आणि प्रशिक्षकांना एवढंच सांगितलं, ‘सर, ह्याचं हलकं पळणंच फार जोरात होतंय. ते हळू करूया.’ सरांनी वहीत पुढच्या आठवड्याचा तक्ता खोडून पुन्हा लिहिला. यंत्र चालवणारे पुष्कळ मिळतील. मैदानावरच्या माणसाला पटेल असं बोलणारे थोडे, आणि कंत्राट वाढतं ते त्यांचंच.

क्रीडाविज्ञानाच्या पदवीनंतर वाटा आहेत, पण पाट्या नीट वाचायला हव्यात. या पदवीवर फिजिओथेरपिस्ट होता येत नाही, त्याला फिजिओथेरपीचीच पदवी लागते. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर सहसा बी.पी.एड. लागतं. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांत शरीरक्रियातज्ज्ञ, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग तज्ज्ञ, कामगिरी विश्लेषक अशी पदं निघतात, बरीचशी कंत्राटी. कबड्डी-क्रिकेटच्या लीगमधलं काम हंगामापुरतं. स्ट्रेंथच्या कामाला सी.एस.सी.एस., शरीरमापनाला ‘आयसॅक’चं प्रमाणपत्र जोडलं तर अर्जाला वजन येतं.

म्हणून बारावीनंतर विद्यापीठ बघायला जाणाऱ्या मुलांनी माहितीपत्रकातल्या यंत्रांच्या फोटोंवर जाऊ नये. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावं आणि विचारावं: कुठल्या संघाबरोबर होतात, किती महिने, आणि तुमच्या मोजमापावरून एखाद्या तरी खेळाडूचा सराव बदलला का?