मिरगी आणि पट्टकृमी : कारण कोणते, उपाय कोणता?



मिरगी, फेफरे, आकडी किंवा झटके अशा अनेक नावांनी ओळखला जाणारा आजार आपल्या भंडारा जिल्ह्यातील गावोगावी परिचित आहे. रुग्णाला झटका आला की कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, तर कोणी मांत्रिकाचा पत्ता सांगतो. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. श्रेय मात्र चपलेला आणि मांत्रिकाला मिळते. खरे कारण शोधायचे राहून जाते.

मिरगीची कारणे अनेक आहेत. डोक्याला मार लागणे, जन्माच्या वेळी बाळ गुदमरणे, मेंदूज्वर ही त्यातली काही होत. परंतु पूर्णपणे टाळता येण्यासारखे एक कारण असे आहे की ज्याची खेड्यात फारशी चर्चा होत नाही. ते म्हणजे पट्टकृमी. जेथे डुकरे मोकाट फिरतात व लोक उघड्यावर शौचास बसतात, अशा भागांत मिरगीच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हा कृमी असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तामिळनाडूतील वेल्लोर जिल्ह्यात झालेल्या पाहणीतही हे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश आढळले. २०१० साली या संघटनेने हा रोग दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातला. दुर्लक्षित अशासाठी, की तो गरिबांना होतो.

हा कृमी माणूस आणि डुक्कर या दोघांच्या आधारे जगतो. माणसाच्या आतड्यात तो फितीसारखा वाढतो व दोन ते सात मीटर लांब होऊ शकतो. त्याचे पिकलेले तुकडे शौचावाटे बाहेर पडतात आणि एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. डोळ्यांना न दिसणारी ही अंडी ओल्या मातीत अनेक महिने टिकतात. डुकराने ती विष्ठा खाल्ली की अंड्यांतून निघालेल्या अळ्या त्याच्या मांसात जाऊन साबुदाण्याएवढ्या गाठी करतात. असे मांस अर्धेकच्चे खाणाऱ्या माणसाच्या पोटात गाठीचा पुन्हा पट्टकृमी होतो. या माणसाला फारसा त्रासही जाणवत नाही.

येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ऐकून माहीत असते, आणि येथेच मोठा गैरसमज होतो. डुकराचे मांस खाल्ल्याने पोटात कृमी होतो, हे खरे. परंतु मेंदूत गाठी होतात त्या मांसामुळे नव्हे, तर माणसाच्या विष्ठेतील अंडी पोटात गेल्यामुळे. शौचानंतर न धुतलेल्या हातांनी केलेला स्वयंपाक, उघड्यावर शौच होते अशा ठिकाणची न धुतलेली सांबार-मुळा-गाजरे, बोडीचे किंवा नाल्याचे दूषित पाणी, यांतून ती अंडी कोणाच्याही तोंडात जातात. मग अळ्या रक्तातून मेंदूत पोहोचतात आणि डुकराच्या मांसात होतात तशाच गाठी माणसाच्या मेंदूत होतात.

याचा ठळक पुरावा न्यूयॉर्कमध्ये मिळाला. डुकराचे मांस धर्माने वर्ज्य असलेल्या तेथील सनातनी ज्यू वस्तीत चार जणांच्या मेंदूत या गाठी सापडल्या. त्याचा अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. शोध घेता असे दिसले, की पट्टकृमीचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून आलेल्या व्यक्ती त्या घरांत स्वयंपाकपाणी करीत होत्या आणि संसर्ग अन्नावाटे झाला असावा. म्हणजे वर्ज्य-अवर्ज्य पाळूनही रोग टळला नाही. हात धुतले असते तर तो टळला असता.

हे आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगत आहोत. गावात डुकरे पाळणारी वस्ती असली, की रोगाचे खापर तिच्यावर फोडणे सोपे असते. अन्नावरून माणसाला हीन ठरविण्याची आपल्या देशाची खोड जुनीच आहे. परंतु डुकराला हा रोग माणसाच्याच विष्ठेतून होतो. गावाच्या हागणदारीत ज्याची-ज्याची विष्ठा पडते, तो प्रत्येक जण या साखळीची एक कडी आहे. तेव्हा दोष एका वस्तीचा नसून सबंध गावाच्या अस्वच्छतेचा आहे आणि उपायही सबंध गावानेच करावयाचा आहे.

दुसरा एक लहानसा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात असतो. बकरे कापल्यावर गाठी असलेले यकृत व फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकले जाते, त्यातून तो कुत्र्यांत शिरतो. कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते. म्हणून कापलेल्या जनावराचे टाकाऊ भाग खोल पुरावेत आणि कुत्र्याला हात लावल्यावर मुलांचे हात धुवावेत.

आता उपाय पाहू.

१) शौचालय बांधणे पुरेसे नाही; घरातील लहानथोर सर्वांनी ते रोज वापरावे.
२) शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.
३) मटण आतपर्यंत शिजवावे. साबुदाण्यासारखे दाणे दिसणारे मांस घेऊ नये व विकूही नये.
४) डुकरे बंदिस्त ठेवून पाळावीत. त्यांच्यासाठी या रोगावरची लस आपल्याच देशात, हैदराबादला तयार होते. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.
५) शौचात पांढरे चपटे तुकडे दिसल्यास लाज न बाळगता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

२०१५ पासून शाळा व अंगणवाड्यांतून जंतनाशक गोळी दिली जाते. ती मुलांना अवश्य द्यावी. परंतु ती मुख्यत्वे गोल व आकडे जंतांसाठी आहे, पट्टकृमीवर वेगळे औषध लागते. मेंदूत गाठी असल्याचा संशय असेल तर दुकानातून गोळ्या आणून मनाने घेऊ नयेत, कारण त्याने झटके वाढू शकतात. नागपूरसारख्या ठिकाणी मेंदूची तपासणी करून डॉक्टर सांगतील तेच औषध घ्यावे आणि मिरगीच्या गोळ्या मध्येच बंद करू नयेत. नियमित औषधाने बहुसंख्य रुग्णांचे झटके आटोक्यात येतात.

झटका आला असता रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

शेवटी एक गोष्ट. मिरगीमुळे मुलींची लग्ने मोडतात आणि म्हणून आईबाप आजार लपवितात. लपविल्याने औषध बुडते. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात मिरगी हे लग्न रद्द ठरविण्याचे एक कारण होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकण्यात आले. कायद्याने जो कलंक पुसला, तो आपण मनातून पुसला पाहिजे. पुढील वर्षी आपल्या गावात मिरगीचा एकही रुग्ण मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात गेला, तर हे चार शब्द लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.