रत्नागिरी जिल्ह्याच्या पेठा : भरतीने दिले, भरतीने नेले

लालबाग-परळला कापडाचा धंदा करायचा आणि रत्नागिरी जिल्हा ठाऊक नाही, असे चालत नसे. गिरण्यांतले हजारो कामगार तिकडचेच. शिमग्याला, गणपतीला गावी निघताना लुगडी, धोतरे, पोरांचे कपडे ते आमच्या वडिलांच्या दुकानातून नेत. त्या जिल्ह्याची थोडी माहिती व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत.

पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र आणि मधल्या अरुंद पट्ट्यात खाड्याच खाड्या. आज मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके आहेत. दक्षिणेचा भाग १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग म्हणून वेगळा झाला. पूर्वी माल गलबतातून भरतीच्या पाण्यावर खाडीत वर येई. जिथे भरती थांबे आणि घाटाची वाट सुरू होई, तिथे पेठ वसे. वाशिष्ठीवर चिपळूण, जगबुडीवर खेड, अर्जुनेवर राजापूर अशीच वसली.

वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ. बहमनी काळात इथे अरबी घोडे उतरत आणि कापड परदेशी जाई. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. राजापुरात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. पुढे खाडी गाळाने भरली. १८८० च्या सुमारास मोठ्या गलबतांना जुन्या धक्क्यापासून तीन मैल अलीकडेच थांबावे लागे. चिपळुणात कुंभार्ली घाटाने देशावरचा कापूस उतरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशावर रेल्वे झाली आणि तो माल दुसऱ्या वाटेने मुंबईला जाऊ लागला. तात्पर्य, वाट बदलली की पेठ बदलते.

नंतर या पेठा मुंबईच्या मनिऑर्डरवर चालल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. वडिलांच्या वहीत खेड-चिपळूणच्या दुकानदारांची उधारी तशीच राहिली. ते दुकानदार बेइमान नव्हते. त्यांच्या गिऱ्हाइकाचा पगारच थांबला होता.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. खेड, चिपळूण, रत्नागिरीला स्टेशन मिळाले. दापोली, गुहागर, मंडणगड बाजूलाच राहिले.

पण ज्या पाण्याने पेठ वसवली, ते पाणी अजून तिथेच आहे. २२ जुलै २०२१ रोजी, बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी, अतिवृष्टी आणि भरती एकत्र आली. चिपळूणची बाजारपेठ बुडाली. कापडाचे गठ्ठे चिखलात गेले. २६ जुलै २००५ लाही तेथे पूर आला होता.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : पावसाळ्यात त्या पेठांना माल थोडा थोडा पाठवा, दुकानदाराला तो माळ्यावर ठेवायला सांगा आणि विम्याच्या कागदात पुराचा उल्लेख आहे की नाही, ते आधी वाचून घ्या. उधारी देताना गिऱ्हाइकाची नियत पाहतोच. त्याच्या गावचा नकाशाही पाहावा.