पावलांनी आखलेले घर

घराचा नकाशा ही मुळात अचाट कल्पना आहे. बांधून झालेले घर जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर आडवे कापायचे, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि आकाशातून सरळ खाली पाहायचे. तेव्हा जे दिसेल तो नकाशा. काप त्या उंचीवर धरतात, कारण तिथे दारे आणि खिडक्या दोन्ही त्यात सापडतात. घरात राहणारा माणूस आपले घर असे कधीच पाहत नाही, तरी ही नजर माणसाला फार पूर्वी गवसली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मेसोपोटेमियातील लगश राज्याचा शासक गुदिया याचा बसलेला, शिर तुटलेला दगडी पुतळा आहे. वय चार हजार वर्षांहून जास्त. त्याच्या मांडीवर एक पाटी आहे आणि तिच्यावर मंदिराच्या आवाराचा नकाशा कोरला आहे. भिंतीची जाडी, दरवाजे, बुरूज, सगळे वरून पाहिल्यासारखे. शेजारी कोरणी आणि मापाची पट्टीसुद्धा.

त्या पाटीपासून आजच्या प्लॅनपर्यंत नकाशात भिंती ठळक आहेत आणि माणसांची ये-जा मात्र कुठेच उमटलेली नाही. नवे घर बांधायला निघालेले कुटुंबही आधी खोल्याच मोजते. हॉल, किचन, दोन बेडरूम, देवघराला ईशान्येचा कोपरा. यादी पुरी झाली की घर ठरले असे वाटते. पण घर सुखाचे होईल की कटकटीचे, हे खोल्यांना जोडणाऱ्या वाटांवर ठरते. या वाटा कागदावर आणण्याचे मोठे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाले, आणि ते स्वयंपाकघरातून झाले याचे नवल वाटायला नको. घरात सर्वांत जास्त चालणे तिथेच होते.

अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१२ साली एका स्त्रियांच्या मासिकात लेखमाला लिहिली आणि पुढच्या वर्षी तिचे पुस्तक निघाले. कारखान्यात कामगारांच्या हालचाली मोजण्याचे शास्त्र त्या काळी जोरात होते. ते त्यांनी घरात आणले. एकाच स्वयंपाकघराचे दोन नकाशे काढले. पहिल्यात चूल, टेबल, सिंक, कपाट जिथे जागा मिळेल तिथे ठेवलेले. दुसऱ्यात तीच साधने कामाच्या क्रमाने मांडलेली. मग स्वयंपाक करणारीची वाट दोन्हींवर रेघांनी दाखवली. पहिल्या नकाशात रेघांचा गुंता झाला, दुसऱ्यात त्या एकीमागून एक सरळ निघाल्या. भिंती त्याच, सामान तेच, थकवा मात्र वेगळा.

या पुस्तकाचा जर्मन अनुवाद व्हिएन्नातील तरुण वास्तुरचनाकार मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की यांच्या हाती पडला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन शहरांत घरांचा भयंकर तुटवडा होता. फ्रँकफर्टचे नगर-वास्तुरचनाकार एर्न्स्ट माय यांनी नव्या वसाहती उभारायला घेतल्या आणि श्यूटे-लिहोट्स्की यांना बोलावून घेतले. तिथे १९२६ साली त्यांनी जे स्वयंपाकघर घडवले ते 'फ्रँकफर्ट किचन' या नावाने जगभर गेले. आकार १.९ मीटर गुणिले ३.४ मीटर, म्हणजे साधारण साडेसहा चौरस मीटर. नमुना त्यांनी आगगाडीच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकघराचा घेतला होता, कारण तिथे अगदी चिंचोळ्या जागेत कितीतरी माणसांचे जेवण वेळेवर तयार होत असे.

हे स्वयंपाकघर जवळून पाहण्यासारखे आहे. एका टोकाला खिडकी, तिच्याखाली बीच लाकडाची कामाची फळी, कारण बीचवर डाग आणि सुरीचे ओरखडे कमी पडतात. फळीलाच एक खाच होती. भाजीची साले, देठे सरळ तिथून खालच्या खणात जात. बसून काम करता यावे म्हणून फिरते स्टूल. ॲल्युमिनियमचे छोटे खण, प्रत्येकावर नाव, पुढे ओतायला चोच. तांदूळ हवा तर खण ओढायचा आणि थेट भांड्यात ओतायचा. पिठाचे खण मात्र ओक लाकडाचे, कारण ओकमुळे कीड दूर राहते. कपाटांना निळसर हिरवा रंग, कारण त्या रंगावर माशा बसत नाहीत असा समज होता. सरकत्या दारापलीकडे बैठकीची खोली. चुलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत तीन मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही हे आधीच ठरवलेले, आणि दार उघडे ठेवले की खेळणारी मुले नजरेत. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे फ्रँकफर्टच्या वसाहतींत बसवली गेली. त्यांतले एक आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. श्यूटे-लिहोट्स्की यांनी स्वतः तोवर कधी स्वयंपाक केला नव्हता, असे त्याच सांगत. मला त्यात उणेपणा दिसत नाही. सवयीने डोळ्यांआड गेलेली पावले त्यांनी मोजून पाहिली.

या रचनेला पुढे दोषही लावले गेले आणि ते खरे आहेत. जागा एकीपुरतीच होती. मदतीला दुसरे कोणी आले की कोपराला कोपर लागे. घरातली बाई भिंतीआड एकटी पडली. ज्या घरात सणाला सासू, सुना, नणंदा मिळून पुरणपोळ्या करतात, त्या घराला साडेसहा चौरस मीटरांचा हा डबा पुरणार नाही. म्हणजे वाटा आखायच्या तर आधी चालणारी माणसे किती, हे मोजले पाहिजे.

बर्लिनमध्ये अलेक्झांडर क्लाइन यांनी १९२८ साली हीच पद्धत साऱ्या घराला लावली. जुन्या पद्धतीचा एक नकाशा आणि स्वतःचा एक, दोन्हींवर दिवसभराच्या वाटा. शेजघरातून न्हाणीघराकडे जाणारी रेघ आणि स्वयंपाकघरातून बैठकीकडे जाणारी रेघ जुन्या घरात एकमेकींना ठिकठिकाणी कापत होत्या. क्लाइन यांच्या घरात त्या कुठेच कापल्या नाहीत. ही कसोटी आजही कोणालाही लावता येते, आणि तिला रंगीत पेन्सिलींपलीकडे काही लागत नाही. आजोबांची वाट एका रंगाने, शाळेला निघणाऱ्या मुलांची दुसऱ्या, स्वयंपाकाची तिसऱ्या, पाहुण्यांची चौथ्या. जिथे सगळे रंग एका दारात गर्दी करतात तिथे रोज सकाळी आठ वाजता भांडण ठरलेले.

वाटेसाठी वेगळी जागा काढणे, म्हणजे पॅसेज, हीसुद्धा कोणीतरी कधीतरी काढलेली युक्ती आहे. रॉबिन इव्हान्स या इतिहासकारांनी १९७८ साली दाखवून दिले की इटलीच्या जुन्या प्रासादांत खोलीतून खोलीत दारे असत आणि माणसे एकमेकांच्या खोल्यांतूनच ये-जा करत. इंग्लंडमध्ये पॅसेजची पहिली नोंद त्यांना सापडते ती १५९७ सालच्या, चेल्सीतील ब्यूफोर्ट हाउसच्या नकाशात. पुढे पॅसेजने एकांत दिला आणि घरातल्या अवचित भेटी कमी केल्या.

आपल्या वाड्याने तिसराच मार्ग काढला होता. देवडी, चौक, ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परस. पॅसेज नाही, पण खोल्यांचा क्रमच असा की आलेल्याने कुठे थांबायचे हे न सांगता कळावे. हिशेबाचा माणूस ओसरीवर, सोयरा सोप्यात, माजघरात घरचेच. मधला चौक पॅसेजचे काम करी आणि वर उजेड, वारा देई. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घर खणांवर मोजले जाई. योजना म्हणून ही फार शहाणी होती. पण त्याच क्रमात बाईच्या वाट्याला अंधारे माजघर आणि चुलीचा धूर आला, आणि कोणी उंबऱ्याबाहेरच थांबायचे हे जातीवर ठरले, हेही त्या योजनेच्याच खात्यावर मांडले पाहिजे.

आज दुमजली घर बांधताना सर्वांत जास्त फसवतो तो जिना. कागदावर तो चार रेघांचा पट्टा वाटतो. फ्रान्सच्या फ्रान्स्वा ब्लाँडेल यांनी सतराव्या शतकात माणसाच्या पावलावरून नियम बांधला होता: पायरीची उंची दोनदा आणि रुंदी एकदा, यांची बेरीज एका पावलाएवढी हवी. आता ही बेरीज ६० ते ६४ सेंटिमीटर धरतात. मजल्याची उंची ३ मीटर असेल तर १८ चढ, प्रत्येकी पावणेसतरा सेंटिमीटरच्या आत. पायरी २८ सेंटिमीटरची घेतली तर बेरीज साडेएकसष्टाच्या आसपास येते. हा जिना मध्ये वळवला तरी वळणावरचा सपाट थांबा धरून सव्वातीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागा लागते, म्हणजे जवळजवळ एक अख्खे फ्रँकफर्ट किचन! ही जागा नकाशात पहिल्या दिवशी धरली नाही, तर ती शेवटी कोणाच्या तरी खोलीतून कापली जाते किंवा पायऱ्या उंच होतात, आणि त्या उंच पायऱ्या पुढे तीस-चाळीस वर्षे घरातले गुडघे सोसतात.

वाटा तपासायची शेवटची स्वस्त संधी प्लॉटवर मिळते. गवंडी खुंट्या ठोकतो, लाइनदोरी ताणतो. एका कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमध्ये बरोबर ५ फूट भरले की कोपरा काटकोनात. अंतर मोठे असेल तर ६-८-१० धरतात, म्हणजे चूक कमी राहते. ३ आणि ४ची ही जोडी बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आहे. तिथे ती यज्ञवेदी आखायला लागत असे. मग आयताचे दोन्ही कर्ण मोजून सारखे करायचे आणि दोरीखालून पांढरी फक्की सोडायची.

फक्की पडली की घरातल्यांचे चेहरे उतरतात. खोल्या फार लहान दिसतात. उघड्या आकाशाखाली दहा बाय बाराची खोली अशीच दिसते, त्याने घाबरून मापे वाढवू नयेत. त्यापेक्षा सहा फुटी पलंग फक्कीनेच आखावा. दहा फुटांत दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात का, कपाटाचे दार उघडल्यावर जायला वाट राहते का, हे उभे राहून पाहावे. ओट्यापासून सिंक, सिंकपासून फ्रीज, फ्रीजपासून ओटा असे चालून पाहावे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९४०च्या दशकात बांधलेल्या ठोकताळ्यानुसार या त्रिकोणाच्या बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांत असावी. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्याच्या खोलीपासून संडासापर्यंत चालायला सांगावे, वाटेत एकही पायरी येऊ देऊ नये, आणि तिथल्या चौकटीची फक्की नव्वद सेंटिमीटर मोकळी सोडावी. आपल्याकडे ते दार सहसा पाऊण मीटरचे घेतात आणि चाकाची खुर्ची त्यातून जात नाही. त्या दिवशी पंधरा सेंटिमीटर वाढवायला चपलेने फक्की पुसली की भागते.