लपविले म्हणजे कुलूप लागले असे नव्हे



सहामाही परीक्षेनंतर आपल्या शाळेच्या संकेतस्थळावर निकालाचे पान सुरू झाले आणि चार दिवसांतच बंद करण्यात आले. ते का बंद केले, असे अनेक पालकांनी विचारले. त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून, तेही शाळा-कॉलेजात संगणक नसलेल्या काळात झाले. त्यामुळे आम्हाला जे उमजले ते साध्या शब्दांतच सांगणार आहोत.

प्रथम थोडी मूळ गोष्ट. संकेतस्थळाचे एकच पान निरनिराळ्या लोकांना निरनिराळे दिसते. आसन क्रमांक बरोबर टाकला तर निकाल दिसतो, चुकला तर 'क्रमांक तपासा' अशी सूचना येते. पानाचा अमुक भाग अमुक अट पुरी झाली तरच दाखवायचा, यालाच अटीनुसार दाखविणे म्हणतात. सुरतेच्या मुलांना हे अवघड नाही. मराठीत आपण 'जर… तर' म्हणतो, हिंदीत 'अगर… तो' आणि गुजरातीत 'जो… तो'. संगणकाच्या भाषेत त्यालाच 'इफ… एल्स' म्हणतात.

हे काम सोपे व्हावे म्हणून तयार सांगाडे मिळतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. गूगलचे अँग्युलर, फेसबुकने २०१३ साली सर्वांसाठी खुले केलेले रिअ‍ॅक्ट आणि इव्हान यू यांनी २०१४ साली आणलेले व्ह्यू ही त्यांतील प्रसिद्ध नावे. (रिअ‍ॅक्टचे कर्ते त्याला फ्रेमवर्क न म्हणता लायब्ररी म्हणतात, पण आपल्या कामापुरता फरक नाही.) आपले निकालाचे पान शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने हौसेने, विनामूल्य, व्ह्यूमध्ये बनविले होते.

व्ह्यूमध्ये दाखविण्या-न दाखविण्याच्या दोन रीती आहेत. एकीचे नाव 'व्ही-इफ', दुसरीचे 'व्ही-शो'. आपल्या स्नेहसंमेलनाचा रंगमंच डोळ्यांसमोर आणा. नाटकातील शिपायाचे काम तिसऱ्या अंकात आहे. एक रीत अशी की शिपाई आधीच वेष करून पडद्याआड उभा आहे. वेळ आली की पडदा सरकवायचा. ही झाली 'व्ही-शो'. तो भाग पानावर असतोच, फक्त डोळ्यांना दिसू नये अशी सूचना त्याला दिलेली असते. दुसरी रीत अशी की शिपाई रंगमंचावर नाहीच. वेळ आली की त्याला बोलावून आणायचे आणि काम झाले की घरी पाठवायचे. ही 'व्ही-इफ'. अट पुरी होईपर्यंत तो भाग पानावर तयारच होत नाही.

मग कोणती रीत केव्हा वापरावी? जो भाग वारंवार उघडायचा व मिटायचा, उदाहरणार्थ वेळापत्रकाची पट्टी, त्याला 'व्ही-शो' बरी, कारण पडदा सरकवायला वेळ लागत नाही. जो भाग क्वचितच लागतो त्याला 'व्ही-इफ' बरी, म्हणजे पान उघडतानाच त्याचे ओझे पडत नाही. मात्र 'व्ही-इफ'ने भाग काढून टाकला की त्या भागाने स्वतःजवळ ठेवलेली माहितीही त्याच्याबरोबर जाते. अर्धवट भरलेला अर्ज कोरा झाला, तर आधी इकडे लक्ष द्यावे.

रिअ‍ॅक्ट शिकणाऱ्यांसाठी एक इशारा. तेथे दोन 'अँड' चिन्हे लावून 'सूचना असतील तर यादी दाखव' असे लिहितात. पण अटीच्या जागी नुसती सूचनांची संख्या लिहिली आणि ती शून्य असली, तर पानावर एक एकटे '०' उमटते. म्हणून 'संख्या शून्यापेक्षा जास्त असेल तर' अशी पूर्ण अट लिहावी. अर्धी अट लिहिली की संगणकही अर्धेच ऐकतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. निकालाच्या पानावर हजेरी क्रमांक व जन्मतारीख टाकली की त्या मुलाचे गुण दिसत. तिसऱ्या दिवशी वरच्या वर्गातील एक विद्यार्थी आमच्या खोलीत आला. (त्याचे नाव व वर्ग येथे देत नाही.) त्याने एफ-१२ ही कळ दाबली आणि पानाच्या पोटात काय आहे ते दाखविले. त्यात संपूर्ण वर्गाची यादी होती. 'व्ही-शो'ने बाकीच्या ओळी फक्त पडद्याआड ठेवल्या होत्या. गुणांबरोबर जन्मतारखा होत्या, पालकांचे मोबाईल क्रमांक होते आणि 'फी माफी'चा रकानाही होता.

आम्ही काय केले ते लपवीत नाही. आम्ही रागावलो. 'दुसऱ्यांचे गुण चोरून बघतोस?' असे म्हणून त्याच्या पालकांना कामाची पाळी सोडून शाळेत यायला लावले. मुलगा शांतपणे एवढेच म्हणाला, "सर, मी काही तोडले नाही. हे सगळे पानाबरोबर आमच्या घरी आलेच होते."

माजी विद्यार्थ्याला फोन केला. त्याने लगेच 'व्ही-शो'च्या जागी 'व्ही-इफ' केले. आम्हाला वाटले, प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने शेजारचे 'नेटवर्क' नावाचे दालन उघडून दाखविले. ओळी आता पानावर नव्हत्या, पण यादी सर्व्हरकडून ब्राउझरपर्यंत पूर्वीसारखी सगळीच येत होती. शिपाई रंगमंचावर नव्हता, पण नाटकाची वही प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात होती! तेव्हा कोठे आम्हाला कळले की या दोन्ही रीती दिसण्याच्या सोयीच्या आहेत. कुलूप लावायचे ते सर्व्हरवर. कोण विचारतो आहे हे त्याने पक्के ओळखावे आणि त्याच्यापुरतीच माहिती पाठवावी. जी माहिती पाठविलीच नाही, ती कोणी उघडून पाहू शकत नाही. आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती मूठच दुसऱ्याच्या हाती दिल्यावर झाकून उपयोग काय?

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शिक्षकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक पानाच्या मूळ मजकुरात राहून गेले होते. एक लाखाहून अधिक शिक्षक व कर्मचाऱ्यांची माहिती धोक्यात होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच' या वृत्तपत्राच्या वार्ताहराने ते पाहिले, खात्याला कळविले आणि दुरुस्ती होईपर्यंत बातमी थांबवून ठेवली. तरीही राज्यपाल माईक पार्सन यांनी त्यालाच हॅकर ठरवून खटल्याची भाषा केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी आरोप ठेवण्यास नकार दिला. हे वाचून आम्हाला आपलीच लाज वाटली. राज्यपालांनी केले तेच आम्ही आमच्या खोलीत केले होते.

विश्वस्त मंडळींना विशेष सांगणे आहे. या शाळेत फी माफी देताना ती कोणाला दिली याचा गवगवा करायचा नाही, हा आपला जुना शिरस्ता आहे. खानदेशातून येऊन येथे लूमच्या खात्यांत घाम गाळणाऱ्या माणसाला स्वाभिमान प्यारा असतो. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला तो शिरस्ता एका पानाने चार दिवसांत मोडला असता. शिवाय २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला असून त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. म्हणजे ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही.

नवे पान बनत आहे. त्यात एका वेळी एकाच विद्यार्थ्याचे गुण सर्व्हरवरून निघतील. मोबाईल क्रमांक आणि फी माफी यांचा त्या पानाशी काही संबंधच राहणार नाही. तोपर्यंत प्रगतिपुस्तक पालकांच्या हाती देण्याची जुनी पद्धत चालू राहील.

त्या विद्यार्थ्याच्या घरी जाऊन आम्ही त्याची व त्याच्या आई-वडिलांची माफी मागितली आहे. नवे पान तपासण्याचे काम संगणक शिक्षकांच्या देखरेखीखाली त्याच्याकडेच दिले आहे. मुलांनो, असे काही दिसले तर ते मित्रांत वाटू नका, सरळ येऊन सांगा. आमच्या खोलीचे दार उघडे आहे, आणि यापुढे कोणी रागावणार नाही, हे वचन समजावे.