मधुमेह : दृष्टिपटल आणि हृदय

शरीरात खोलवर असलेल्या रक्तवाहिन्या कोठेही छेद न घेता प्रत्यक्ष पाहता येतात, असे इंद्रिय म्हणजे डोळा होय. १८५१ साली हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याच्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. पुढे थोड्याच वर्षांत व्हिएन्ना येथील एडुआर्ड येगर ह्यांनी मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलावरील विकृतीचे वर्णन केले. ही विकृती केवळ डोळ्यापुरती मर्यादित नसते, ही गोष्ट ध्यानात यावयास मात्र बराच काळ लागला.

केशवाहिनी ही अत्यंत सूक्ष्म नलिका. तिची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, म्हणजे ह्या नलिकेच्या भित्तीस झळ पोहोचते. भित्तीचे आवरण जाड होते, तिला बाहेरून आधार देणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि दुबळ्या जागी बारीक फुगे येतात. त्यांतून रक्त व द्रव पाझरतो. काही नलिका बंदच पडतात. दृष्टिपटलावर दिसणारे तांबडे ठिपके ही ह्याच घडामोडीची खूण होय.

हृदयाचा स्नायूही अशाच सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यावर जगतो. मोठ्या हृद्‌रोहिण्यांतून आलेले रक्त शेवटी ह्या जाळ्यातूनच प्रत्येक स्नायुतंतूपर्यंत पोहोचते. श्रमाच्या वेळी ह्या वाहिन्या रुंदावून रक्तपुरवठा कित्येक पटींनी वाढवितात. मधुमेहाने त्या ताठर झाल्या, तर ही राखीव शक्ती घटते. अँजिओग्राफीत प्रामुख्याने मोठ्या वाहिन्याच दिसतात. त्यामुळे मोठ्या रोहिण्या मोकळ्या असूनही रुग्णास श्रमाने धाप लागते किंवा छातीत दडपण येते, असे घडू शकते.

जे हृदयात दिसत नाही, त्याची सूचना डोळा देऊ शकेल काय? १९९७ साली जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दृष्टिपटल बिघडलेल्या मधुमेहींच्या हृदयातील ही राखीव शक्ती फारच कमी झालेली आढळली. अमेरिकेत अकरा हजारांहून अधिक व्यक्तींवर सुमारे ७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्याचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला : दृष्टिपटल बिघडलेल्यांत हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण अधिक होते, आणि वय, रक्तदाब, मधुमेह इत्यादी कारणांचा हिशेब केल्यावरही हा संबंध टिकून राहिला.

तथापि ह्याचा विपरीत अर्थ लावू नये. डोळ्यांत ठिपके दिसले, म्हणजे हृदयविकार जडलाच असे नव्हे. आणि डोळे निर्दोष असले, म्हणजे हृदयास अभय मिळाले असेही नव्हे. डोळ्याची तपासणी ही हृदयाच्या तपासणीची जागा घेत नाही. ती करण्याची निकड मात्र दाखवून देते.

ह्याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. दृष्टिपटलाचा विकार आरंभी वेदना देत नाही आणि दृष्टीही मंद करीत नाही. म्हणून स्वच्छ दिसते ह्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. प्रौढपणी उद्भवणाऱ्या मधुमेहात रोगाचे निदान होताच, आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे दरवर्षी, बाहुली विस्फारणारे औषध घालून दृष्टिपटल तपासून घ्यावे.

विकृती आढळल्यास लेसरने किंवा इंजेक्शनने डोळा वाचविता येतो. परंतु ह्या उपचाराने हृदयाचे रक्षण होत नाही. त्यासाठी रक्तशर्करा, रक्तदाब व रक्तातील मेद ताब्यात ठेवणे आणि तंबाखू वर्ज्य करणे हाच मार्ग होय. म्हणूनच नेत्रतज्ज्ञाचा अहवाल चष्म्याच्या चिठ्ठीसोबत कपाटात न ठेवता मधुमेहावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अवश्य दाखवावा. श्रमाने धाप लागत असल्यास तेही त्याच वेळी सांगावे. डोळ्यांनी दिलेली सूचना हृदयाच्या कामी यावयाची, तर ती योग्य हाती पोहोचली पाहिजे.